वाजंत्र्याचे पान

लग्नाच्या जेवणाला कोणते संगीत लावावे, हा प्रश्न अलीकडे आमच्या निरवांगीसारख्या नीराकाठच्या गावातही पडू लागला आहे. पूर्वी लग्न ठरले की मुलीचा बाप मांडव, भांडी, आचारी आणि पाणी या चार गोष्टींची काळजी करी. आता त्या यादीत हे पाचवे कलम आले. पत्रिका छापून झाल्या की कोणीतरी माझ्याकडे येतो. मी शाळेत शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो, त्या अर्थी गाण्यातलेही मला कळत असणार, असा त्याचा समज असतो. "गुरुजी, वरातीचं पोरं बघत्याल. पंगतीला काय लावायचं तेवढं तुम्ही सांगा," असे तो म्हणतो आणि चहा पिऊन जातो.

प्रश्न दिसायला साधा आहे. पण तो मुळात पडलाच कसा, याचा मी विचार करू लागलो तेव्हा मला त्यात एक मोठा इतिहास दिसू लागला. माझ्या पणज्याला हा प्रश्न पडणे शक्य नव्हते. संगीत ही निवडण्याची वस्तू असते, हेच त्याला ठाऊक नव्हते. कुंभाराकडून लग्नाची मडकी येत, सुताराकडून चौरंग-पाट येत, परीट पायघड्या घाली, गुरव पत्रावळी देई. तसेच वाजंत्री येत. कोणी यायचे, काय वाजवायचे आणि त्याबद्दल काय न्यायचे, हे सगळे लग्नघराने ठरवण्याआधीच ठरलेले असे. आज आपण मोबाइलवर बोट फिरवून सनई लावतो, बासरी लावतो, नको असेल तर बंद करतो. या एका बोटाच्या हालचालीमागे जी दीडदोनशे वर्षे गेली, त्यांत आपण काय मिळवले आणि काय घालवले, ते पाहण्यासारखे आहे.

आधी शब्दाचाच विचार करू. जेवताना मागे हळू वाजणाऱ्या संगीताला आपण 'पार्श्वसंगीत' म्हणतो. हा शब्द बोलपटांनी रूढ केला. पडद्यावर नायक-नायिका पुढे आणि वाद्यवृंद मागे, अशी त्यात कल्पना आहे. जुन्या लग्नात असे मागे राहणारे संगीत जवळजवळ नव्हतेच. घाणा भरताना बायका ओव्या म्हणत, त्या घाण्याच्या असत. हळद लागताना म्हणत, त्या हळदीच्या. देवक आणायला जाताना वाजे ते देवकाचे. अंतरपाट धरल्यावर मंगलाष्टके, आणि 'सावधान' होताच वाजंत्र्यांचा एकच कल्लोळ. लग्नानंतर जागरण-गोंधळ, त्यात संबळ, तुणतुणे आणि दिमडी. पण ते ऐकायचे खंडोबाने आणि भवानीने, आपण फक्त साक्षीला बसायचे. प्रत्येक आवाजाला काम होते, आणि तो कोणाला तरी उद्देशून होता. पंगतीचेही तसेच होते.

पंगतीचा स्वतःचा असा एक आवाज होताच. पाने वाढून झाली की कोणीतरी वडीलधारा मोठ्याने 'पुंडलिक वरदा हरी विठ्ठल' म्हणे आणि सारी पंगत साथ देई. त्याशिवाय घास उचलायचा नाही. ब्राह्मणांच्या पंगतीत श्लोक म्हणायची चाल होती. चांगला गळा असलेल्या पोराला आग्रहाने म्हणायला लावीत. नवरानवरीने एकमेकांना घास भरवायचा, तेव्हा उखाण्यात नाव घ्यावे लागे, आणि नाव घेतल्याशिवाय घास नाही म्हणून सगळे अडून बसत. वाढप्यांच्या हाका तर असतच. इतक्या आवाजांत आणखी काही लावावे, असे कोणाला सुचले नाही यात नवल नाही.

तरी वाजंत्री असत. मोठ्या घरी वाद्यांचा संबंध मानाशी होता, आणि ही चाल दरबारातून आली होती. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'मध्ये अकबराच्या नगारखान्यातील वाद्यांची नोंद केली आहे. तीत नगारे, कर्णे यांच्याबरोबर सुरना आहे. आपली सनई त्याच कुळातली. नौबत झडणे म्हणजे इथे कोणीतरी मोठा राहतो, हे चार दिशांना कळणे. पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर नगारखाना आहे तो त्यासाठीच. जेजुरीला आणि तुळजापूरला देवापुढे चौघडा वाजतो, तोही देव राजा म्हणून. आषाढात तुकोबांची पालखी आमच्या तालुक्यातून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी असा मुक्काम करीत जाते, तेव्हाही पुढे नगाऱ्याची गाडी असते. लग्नात नवरदेव चार दिवसांचा राजा. म्हणून वऱ्हाडाला जानवशावरून जेवायला आणायचे ते वाजतगाजत. ऐपत असेल त्या घरी पंगत उठेपर्यंत मांडवाच्या तोंडाशी सनई चाले.

पेशवाईतल्या मोठ्या लग्नाचा नमुना म्हणून सवाई माधवरावांच्या 1783 मधल्या लग्नाकडे बोट दाखवतात. नाना फडणविसांनी त्या समारंभाची जी व्यवस्था लावली, तिच्या याद्या पुढे प्रसिद्ध झाल्या. पंगती कशा मांडाव्यात, वाढणाऱ्यांनी कसे वागावे, इतक्या बारकाव्यात राज्याचा कारभारी शिरला होता. हे वाचून आपल्याला हसू येते. पण नानांना एक गोष्ट पक्की माहीत होती. पंगत ही त्या काळची समाजाची नोंदवही होती. कोण कुठे बसला, कोणाला आधी वाढले, कोणाचे पान कोणाच्या शेजारी, यावरून माणसाची जागा सर्वांना वाचता येई. आणि त्या नोंदवहीत वाजंत्र्याची नोंद शेवटच्या पानावर, बहुधा समासाबाहेर होती.

हे वाजंत्री कोण? गावगाड्यातल्या अलुत्यांच्या यादीत घडशी आहे. त्याचे काम वाजवण्याचे. कुठे गुरव वाजवी. आमच्या पुणे-सोलापूर-सातारा या टापूत सनई बहुतेक होलारांकडे आणि हलगी मांगांकडे. गावोगाव थोडा फरक असे, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी होती. ज्याच्या वाजवण्यावाचून लग्न शुभ होत नसे, त्याला त्याच लग्नाच्या मांडवात जागा नसे.

सनईच्या ताफ्याची रचना पाहिली तर हे अधिक टोचते. एक जण सनईवर राग किंवा गाणे वाजवतो. दुसरा त्याच आकाराच्या वाद्यावर नुसता एक स्वर धरून बसतो. त्या वाद्याला 'सूर' असेच म्हणतात. तिसरा चौघड्यावर किंवा संबळावर. सनईवाला दोन ओळींमध्ये दम घेऊ शकतो. सूरवाल्याला ती सोय नाही. नाकाने श्वास ओढायचा आणि त्याच वेळी गालांत साठवलेली हवा वाद्यात सोडत राहायची, म्हणजे स्वर तुटत नाही. बहुतेकदा ताफ्यातला लहान मुलगा हे काम करीत शिके. मांडवात खिरीचा वास, पाण्याच्या घागरींची ये-जा, 'वाढा, वाढा' चा गजर, आणि बाहेर उपाशी पोटी गाल फुगवून एकच स्वर धरून बसलेला दहा वर्षांचा पोर. पार्श्वसंगीताचा खरा मूळपुरुष शोधायचा तर मी या पोराकडे बोट दाखवीन.

सगळ्या पंगती उठल्या की त्यांची वेळ येई. बसायचे ते मांडवाबाहेर, किंवा उरलेले अन्न टोपलीत घालून घरी न्यायचे. वर नारळ, शिधा, एखादे पागोटे. हा त्यांचा 'हक्क' होता आणि त्यावरून भांडणेही होत. म्हणजे हक्क खराच होता. पण उरलेल्यावरचा हक्क हा किती हक्क आणि किती अपमान, हा प्रश्न विचारायला पुढे माणसे जन्मावी लागली.

वाजंत्री बाहेर होते, तर आतल्या बाजूला आणखी एक संगीत होते, आणि पंगतीचे म्हणून खास संगीत म्हणायचे तर तेच. मराठीत 'विहीण' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, व्याह्याची बायको. दुसरा, ती जेवायला बसली असता तिला उद्देशून म्हणायचे गाणे. लग्नातल्या शेवटच्या मोठ्या जेवणात मुलाकडच्या बायका पानावर बसत, आणि मुलीकडच्या बायका विहीण म्हणत. त्यात मागणे असे: आमची लेक लहान आहे, लाडात वाढली आहे, तिला सांभाळून घ्या, चुकली तर पोटात घाला. ज्या घरी अशी रचलेली विहीण म्हणत नसत, तिथे व्याह्या-विहिणींची थट्टा करणारी गाणी असत. थट्टेतही पोटातली काळजी तीच.

हे गाणे जेवणाच्याच वेळी का? मला याचे कारण असे दिसते. इतर वेळी मुलीच्या आईला मुलाच्या आईपुढे तोंड उघडायची सोय नव्हती. मान सारा वरपक्षाचा. पण विहीण एकदा पानावर बसली, तिच्यापुढे आपल्या घरचे अन्न आले, की तिला अर्ध्यातून उठता येत नाही आणि तोंडात घास असता उलटून बोलता येत नाही. त्या पाऊण तासात मुलीच्या बाजूच्या बायका तिला जे सांगायचे ते सुरात सांगून घेत. ज्या काळी आठनऊ वर्षांच्या मुली सासरी जात, त्या काळची ही गोष्ट आहे. मुलीच्या लग्नाचे वय निदान चौदा असावे, एवढे ठरवायला 1929 चा शारदा कायदा यावा लागला. तोपर्यंत त्या मुलीच्या बाजूने भर मांडवात बोलला गेलेला एकच शब्द असे, आणि तो हे गाणे होता. ते पार्श्वसंगीत नव्हते. तो एक अर्ज होता.

असे अर्ज बायकांनी जात्यावरही पुष्कळ केले. साने गुरुजींनी त्या ओव्या 'स्त्री जीवन'मध्ये गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याच्या मालेत केल्या. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी हिंडून लाखावर ओव्या जमवल्या. आमच्या इंदापूर तालुक्यातल्या बायकांचा आवाजही त्या संग्रहात आहे. या ओव्यांत लग्नाचे वर्णन किती आणि लग्नानंतरच्या सासराचे किती, हे ज्याने त्याने वाचून पाहावे. माहेरच्या मांडवाचे कौतुक थोड्या ओळींत संपते आणि भावाची वाट पाहणे पुढे चालत राहते.

म्हणजे जुन्या पंगतीला दोन संगीते होती. एक बाहेरच्या माणसाचे, दुसरे आतल्या बाईचे. पहिल्याला मान होता पण पान नव्हते; दुसरीला पान होते पण बोलायला गाण्याखेरीज दुसरी वाट नव्हती. हा जुना काळ सुरेल होता असे म्हणून उसासे टाकणाऱ्यांनी या दोघांची आठवण ठेवावी.

या व्यवस्थेला पहिला धक्का दिला जोतीराव फुल्यांनी. 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला त्या पद्धतीचे पहिले लग्न लागले. भटजी नाही आणि खर्च बेताचा, एवढेच त्यात नवे नव्हते. जोतीरावांनी मंगलाष्टकेच नवी रचली. 1887 साली ती पूजाविधीच्या पुस्तिकेतून छापून आली. त्यांत नवरी नवऱ्याला बोलते, स्त्रियांच्या हक्कांबद्दल त्याच्याकडून वचन मागते, आणि तो ते देतो. जी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या आईला विहिणीच्या पानाशी गाण्यातून मागावी लागत होती, ती मुलीने स्वतः, अंतरपाटाशी, सर्वांदेखत मागितली. लग्नातल्या संगीताच्या इतिहासात याहून मोठी घटना मला माहीत नाही. आपण मात्र ती समाजसुधारणेच्या धड्यात घातली आणि संगीताच्या खात्यातून वगळली.

दुसरा धक्का वाजंत्र्यांच्या बाजूने आला. 1927 च्या मार्चमध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना जे सांगितले, त्यात पाण्याच्या हक्काबरोबर शिळ्या-उष्ट्या अन्नाचा त्यागही होता. 1956 च्या ऑक्टोबरात नागपूरला धर्मांतर झाले. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. या सगळ्याचा परिणाम गावच्या लग्नावर झाल्याशिवाय कसा राहील? हक्काची कामे नाकारली जाऊ लागली. कोणी हलगी खुंटीला टांगली, कोणी शाळेची वाट धरली, कोणी मुंबईची. आमच्याकडे नीरेच्या डाव्या कालव्याने बागायत आणली होती, 1934 पासून वालचंदनगरच्या साखर कारखान्याने रोजगार आणला होता; हातात रोख मजुरी आली की माणसाला उरलेल्या अन्नाची टोपली नाकारणे सोपे जाते. काही लग्ने वाजपावाचून लागली. जुनी माणसे म्हणाली, गाव सुने झाले. मला मात्र वाटते, ते सुनेपण हेच त्या सालांतले उत्तम संगीत होते. ज्याला वाजवायचे नाही त्याला गप्प राहता येणे, ही कोणत्याही मैफलीची पहिली अट आहे.

आणि नेमक्या याच काळात यंत्र गावापर्यंत पोहोचत होते. त्याची सुरुवात आधी झाली होती. 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला एका इंग्रजी कंपनीच्या माणसाने गौहर जान या गायिकेचे गाणे तबकडीत उतरवून घेतले. त्या वेळी तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून येत. कारागिरांना ती कोणाची हे कळावे म्हणून गाणे संपताच गाणारीने आपले नाव उच्चारायचे असे. गौहर जानने ते इंग्रजीत उच्चारले आणि ते आजही ऐकायला मिळते. 1908 मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि लाखेच्या काळ्या तबकड्या देशभर पसरल्या. एका बाजूला सुमारे तीन मिनिटे. मग उठून बाजू उलटायची, सुई बदलायची, किल्ली द्यायची. तीन मिनिटांच्या तबकडीवर पंगत निभावायची म्हणजे त्या पेटीशेजारी माणूस बसवावाच लागे. फरक एवढाच की हा माणूस घरातला असे, आणि त्याचे पान राखून ठेवलेले असे.

मग रेडिओ आला. मुंबईचे केंद्र 1927 चे, पुण्याचे 1953 चे. पहाटे केंद्र सुरू होताना मंगल ध्वनी म्हणून सनई वाजू लागली आणि जो आवाज मांडवाच्या तोंडाशी होता तो एकदम स्वयंपाकघरात शिरला. 1955 च्या रामनवमीपासून पुणे केंद्राने गदिमा आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' दर आठवड्याला ऐकवले. त्यातले सीतास्वयंवराचे गीत पुढे कर्ण्यातून लग्नालग्नांत गेले आणि अजून जाते. बिस्मिल्ला खाँसाहेबांनी सनईला मैफलीच्या बैठकीवर बसवले. 1959 मध्ये 'गूँज उठी शहनाई' या चित्रपटाने ती घरोघर नेली. 2001 साली त्यांना भारतरत्न मिळाले. पुण्यात शंकरराव गायकवाडांसारख्या सनईवादकांनीही तेच काम केले. एका वादकाला देशाने सर्वोच्च मान दिला, ही अभिमानाची गोष्ट खरी.

पण गावच्या पंगतीत काय झाले ते पाहा. ज्या सनईचा वादक मांडवाबाहेर बसत होता, ती सनई आता तबकडीतून मांडवाच्या मध्यभागी आली. तिला कोणी जात विचारली नाही. कारण तबकडीला पान मांडावे लागत नाही. ती पंगतीत बसत नाही, पाण्याला शिवत नाही, टोपली मागत नाही. आम्हांला सनईचा सूर हवा होता. सनईवाला नको होता. यंत्राने ही आमची जुनी इच्छा विनातक्रार पुरी केली. गावातल्या सनईवाल्याला आत घेऊन शेजारी बसवण्याची वेळ आता येणार, असे वाटत होते तोच त्याची गरज संपली. वतन गेले ही मुक्ती होती. पण मुक्त माणूस म्हणून तो कला घेऊन परत आला असता, त्या वाटेवर कर्णा उभा होता.

संगीत ऐकण्यासाठी नसावेच, हा विचार आमच्याकडचा नव्हे, तो युरोपात फार आधी निघाला. तिथल्या सरदारांच्या मेजवान्यांसाठी खास संगीत रचीत. टेलेमान या जर्मन संगीतकाराचा 1733 चा संग्रह 'जेवणाच्या टेबलाचे संगीत' याच नावाचा आहे. पुढे एरिक सती नावाच्या एका विक्षिप्त फ्रेंच संगीतकाराने आपल्या काही रचनांना 'फर्निचरचे संगीत' म्हटले. खुर्ची जशी असते पण तिच्याकडे कोणी पाहत नाही, तसे ते असावे. 1920 मध्ये पॅरिसला नाटकाच्या मध्यंतरात त्याने ते वाजवून घेतले. झाले उलटेच. वाद्ये सुरू होताच लोक बोलायचे थांबून ऐकू लागले, आणि सती त्यांच्यामधून फिरत 'बोला, बोला, ऐकू नका' असे विनवू लागला. वाजवणारी माणसे समोर असताना माणसाला न ऐकणे जमत नाही, हा त्या गमतीचा धडा. ते जमण्यासाठी वाजवणारा आधी नाहीसा व्हावा लागतो.

तो नाहीसा झालेला मी माझ्या लहानपणी पाहिला. ऐंशी-नव्वदच्या सुमारास आमच्या भागात लग्न म्हटले की आंब्याच्या झाडाला बांधलेला कर्णा आणि खोक्यात कॅसेटी घेऊन बसलेला स्पीकरवाला. 'नीलकमल' या 1968 च्या चित्रपटात महंमद रफींनी मुलीच्या पाठवणीचे गाणे गायिले आहे. ते हमखास लागे, आणि बऱ्याचदा लोक जिलेबीवर असतानाच लागे. बाप निरोप देतोय आणि इकडे मठ्ठ्याचा दुसरा वाटा. पण स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेल्या बायका मात्र पदर डोळ्याला लावीत. विहीण म्हणायची त्यांच्या आयांची पद्धत गेली होती, आणि तिच्या जागी कोणा दूरच्या गायकाचा आवाज त्यांच्या वतीने रडत होता. तो सुरेलच होता. पण त्यातला अर्ज आता कोणाच्या पुढे ठेवलेला नव्हता. विहीण तिकडे मठ्ठा पीत होती. गाणे तिला उद्देशून आहे हे तिला कळायचे कारणच उरले नव्हते.

त्यानंतरची कथा सर्वांना माहीत आहे. बँजो पार्ट्या आल्या, डीजे आले, भिंतीएवढे डबे आले. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा कर्ण्यांवर बंदी घातली आणि वस्तीच्या भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली. नियम झाला म्हणजे तो पाळला जातो असे नाही, हे शाळेत शिकवणाऱ्याला सांगायला नको. मंगल कार्यालयात पंगत गेली, उभ्याने जेवण आले; आणि उभ्या माणसाला बोलायचे असते, म्हणून मागचे संगीत हळू झाले. त्यातून निवडीचा प्रश्न निघाला, आणि तो माझ्या ओसरीवर आला.

कायद्यानेही या प्रश्नात लक्ष घातले आहे. लग्नात ध्वनिमुद्रिका वाजवली तर गाण्याच्या मालकाला पैसे द्यावे लागतात काय? 1957 च्या कॉपीराइट कायद्यात धार्मिक विधींना सूट आहे आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभ त्यात धरले आहेत. तरी वसुलीच्या तक्रारी येत राहिल्या, म्हणून 2023 च्या जुलैत केंद्र सरकारने सूचना काढून याची आठवण दिली. गोव्याच्या सरकारने 2024 च्या जानेवारीत त्याच अर्थाचे परिपत्रक काढले; ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाने रद्द केले. यात कोण बरोबर हा वकिलांचा विषय. मला त्यात दुसरेच दिसते. 1994 मध्ये आपल्या कायद्याने वादक-गायकांचे हक्क प्रथम मान्य केले, 2012 मध्ये त्यांना मानधनाचा वाटाही दिला. म्हणजे घडशाचे आणि होलाराचे जे हक्क गावाने टोपलीत घालून दिले होते, ते या प्रजासत्ताकाने कागदावर, नावानिशी मान्य केले. फक्त हे हक्क ज्याची मुद्रिका निघते त्याचे. ज्याची निघतच नाही, त्या निरवांगीच्या किंवा निमसाखरच्या सनईवाल्याचे काय, हे त्यात लिहिलेले नाही. ते आपल्याला लिहावे लागेल.

मधे एक वर्ष असे आले की सगळे यंत्र थांबले. 2021 च्या एप्रिलात साथीमुळे लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास, एवढीच परवानगी होती. आमच्या शेजारच्या वाडीवर अंगणात असे एक लग्न झाले. पंचवीस माणसांना स्पीकर कशाला, म्हणून तो आणला नाही. जेवण चालले असता नवरीची सत्तरीतली आजी भिंतीला टेकून, कोणी न सांगता, हळू आवाजात गाऊ लागली. नवऱ्या मुलाच्या आईने हातातला घास खाली ठेवला आणि ती ऐकत राहिली. गाणे दोनतीन मिनिटांत संपले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. 'बरं, मावशी,' एवढेच ती बाई म्हणाली. मागणे ऐकले गेले आणि त्याला उत्तर मिळाले; विहिणीच्या गाण्याचे काम तेवढेच असते.

मग आता विचारायला येणाऱ्याला मी काय सांगतो? पहिली गोष्ट, जेवताना शब्दांचे गाणे लावू नका. शब्द ऐकायचे असतात, आणि जेवणारा तेव्हा शेजाऱ्याचे ऐकत असतो. लावायचेच तर सनई लावा, आणि शेजारच्या पानावरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल इतकी हळू. दुसरी गोष्ट, डब्याचा खर्च वाचवून दोनतीन वाजवणारी माणसे मिळत असतील तर ती बोलवा. अजून ती आहेत. काही जत्रांत वाजवतात, काही दुसऱ्या धंद्यात आहेत पण वाद्य विकलेले नाही. बिदागी आधी ठरवा आणि आधी द्या. तिसरी गोष्ट, पाऊण तास यंत्र बंद ठेवा आणि घरातल्या म्हाताऱ्यांना सांगा की आता तुम्हांला जे म्हणायचे ते म्हणा. मुलीलाच काही म्हणायचे असेल तर तिला म्हणू द्या. जोतीरावांनी तिची जागा केव्हाच करून ठेवली आहे.

आणि चौथी गोष्ट मी सर्वांत शेवटी सांगतो, कारण विचारायला आलेला माणूस तिथे जरा चुळबुळतो. वाजवणाऱ्यांना पहिल्या पंगतीला बसवा. त्यांच्या जेवणापुरती सनई थांबेल. थांबू दे. त्या वीस मिनिटांत मांडवात नुसता पत्रावळींचा, वाढप्यांचा आणि माणसांच्या बोलण्याचा आवाज राहील. आपल्या पंगतीला आजवर न लाभलेले संगीत असेल तर ते हेच आहे.